ग्रिडचा सातबारा कोण लिहितो?

जमीन शेतात असते, पण तिचा मालक तलाठ्याच्या दप्तरात असतो. बांधावर उभं राहून ‘हे रान माझं’ असं कितीही ओरडा, बँक कर्ज देताना सातबाराच बघते. फेरफार नोंदवायचा राहिला असेल तर कागदावर अजून आजोबाच नांगर धरून असतात.

विजेच्या नियंत्रण केंद्राचं काम मी बाहेरच्या माणसाला सांगते तेव्हा मला नेहमी हा सातबाराच उपयोगी पडतो. आपल्या राज्याचं भार प्रेषण केंद्र ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीला आहे. खात्यातले लोक त्याला ‘कळवा एसएलडीसी’ नाहीतर नुसतं ‘लोड डिस्पॅच’ म्हणतात. भिंतभर पडदा, त्यावर रंगीत रेघा, रेघांशेजारी बदलणारे आकडे. तिथे पाळीवर बसलेल्या माणसाला चंद्रपूरचे संच, कोयनेचं धरण किंवा पडघ्याचं सबस्टेशन खिडकीतून दिसत नाही. त्याला दिसतं ते दप्तर, आणि दप्तरात जे आहे तेच त्याच्या लेखी ग्रिड.

हे दप्तर म्हणजे डेटाबेस. त्यात दोन तऱ्हेच्या नोंदी असतात. एक जिवंत: या घडीला अमक्या लाइनवर किती मेगावॅट आहेत, तमका ब्रेकर चालू आहे की बंद. सबस्टेशनमधला आरटीयू नावाचा डबा ही खबर दर काही सेकंदांनी पाठवत राहतो. स्काडा म्हणून लोकांच्या कानावर असतं ते हेच. दुसरी नोंद मुकी: ही लाइन कुठून कुठे जाते, किती किलोमीटर, तार कोणत्या जातीची, कोणत्या बसला (सबस्टेशनमधल्या सामाईक वाहक दांड्याला) लागते. ही कुणीतरी बसून लिहावी लागते. पडद्याचे फोटो छापून येतात, ही लिहिण्याची बाजू कुणी दाखवत नाही. पण पहिल्या नोंदीचा अर्थ दुसरीवाचून लागत नाही.

म्हणजे कसं? आरटीयूकडून निरोप येतो: बिंदू १७, किंमत ८१९२. बस्स. ना गाव, ना नाव. दप्तर सांगतं की बिंदू १७ म्हणजे अमक्या ४०० केव्ही लाइनचे मेगावॅट, आणि ३२७६७ हा पुरा आकडा म्हणजे ८०० मेगावॅट. मग हिशेब होतो आणि पडद्यावर २०० उमटतात. आता समजा सबस्टेशनमध्ये सीटी, म्हणजे लाइनचा मोठा प्रवाह मोजण्याजोगा लहान करणारा करंट ट्रान्सफॉर्मर, बदलला, १०००/१ च्या जागी २०००/१ बसवला, आणि दप्तरात कुणी ते लिहिलं नाही. लाइनवर खरे ४०० मेगावॅट वाहत असताना पडद्यावर २०० दिसतील. आकडा हलतो, चढतो, उतरतो, अगदी जिवंत दिसतो. फक्त निम्मा असतो. बंद पडलेला आकडा चटकन लक्षात येतो, हा असला वर्षभर तसाच चालू शकतो.

ब्रेकरचं आणखी गमतीदार आहे. त्याची खबर दोन संपर्कांवरून येते, एक ‘उघडा’ सांगणारा आणि एक ‘बंद’ सांगणारा. (सबस्टेशनच्या भाषेत ब्रेकर ‘बंद’ म्हणजे वीज चालू. घरात आपण दिवा ‘बंद’ केला की वीज जाते. या एका शब्दावर नव्या पोरांचा पहिला आठवडा जातो.) दोन्ही संपर्क एकदम ‘हो’ म्हणाले किंवा दोन्ही ‘नाही’ म्हणाले तर ब्रेकर संशयित. पण डेटाबेस भरताना कुणी हे दोन संपर्क उलटे जोडले तर संशयही येत नाही. उघडा ब्रेकर ठामपणे बंद दिसतो.

नवी लाइन आली की ती किती ठिकाणी लिहायची असते, हे मोजलं तर बाहेरच्याला खरं वाटत नाही. आरटीयूच्या बिंदूंच्या यादीत ती एकदा येते. जाळ्याच्या गणिती नकाशात तिचा विरोध आणि लांबी घेऊन दुसऱ्यांदा येते. पडद्यावरच्या चित्रात तिसऱ्यांदा. किती मेगावॅटला धोक्याची घंटा वाजवायची, त्या मर्यादांच्या तक्त्यात. ‘ही लाइन अचानक गेली तर काय होईल’ हे आधीच तपासणाऱ्या यादीत. शेजारच्या आणि वरच्या केंद्रांना जे आकडे पाठवायचे त्या तक्त्यात. जुने आकडे साठवणाऱ्या भांडारात. आणि पाळीवरच्या लोकांना सराव देणाऱ्या सिम्युलेटरमध्ये. आठ ठिकाणं झाली. आठही ठिकाणी हातानं लिहायचं म्हटलं तर सातव्या ठिकाणी चूक होणार नाही, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. राज्याची वीजवहन कंपनी महापारेषण, तिची सबस्टेशनं सातशेच्या वर आहेत. एकेकात दीडशे-दोनशे बिंदू धरले तरी लाखाच्या पुढे जातो आपण.

नवी लाइन तरी बरी म्हणायची. खरी परीक्षा लिलोची. लिलो म्हणजे लाइन-इन-लाइन-आउट: जुनी लाइन मध्येच तोडायची, दोन्ही टोकं नव्या सबस्टेशनमध्ये आत-बाहेर करायची. सातबाऱ्याच्या भाषेत, गट फुटला आणि पोटहिस्से पडले.

समजा अ ते ब अशी १२० किलोमीटरची ४०० केव्ही लाइन आहे. अ पासून ४५ किलोमीटरवर ती तोडून पाच किलोमीटर बाजूला असलेल्या क सबस्टेशनमध्ये आणली. आता अ-क झाली ५० किलोमीटर आणि क-ब झाली ८०. बेरीज १३०, कारण ते पाच किलोमीटर जातानाही लागले आणि येतानाही. घाईत भरणारा माणूस ४५ आणि ७५ लिहून मोकळा होतो. पण मोठा घोटाळा तो नाही. आठ तक्त्यांतल्या सातांमधून जुनी अ-ब लाइन काढली आणि आठव्यात राहिली, की तिथे भुताची लाइन तयार होते. डोंगरातून तारा केव्हाच कापल्या गेल्या आहेत, पण संगणक अजून हिशेब मांडतोय की अ वरून ब ला थेट वीज जाते. ‘क-ब लाइन गेली तर काय?’ असं विचारलं तर तो बिनधास्त सांगतो, काही नाही, अ-ब आहे ना.

लांबीवरून विरोध काढायचा, तिथेही एक खड्डा आहे, आणि त्यात भलेभले पडलेत. ४०० केव्ही लाइनवर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जोडीची ‘मूज’ तार असते. मूज हे कॅनडातल्या त्या मोठ्या सांबराचं नाव. झेब्रा, पँथर अशाही तारा असतात, तारांना प्राण्यांची नावं द्यायची ही जुनी इंग्रजी हौस. या जोडीच्या मूजचा रिॲक्टन्स (एसी विजेला तारेचा होणारा मुख्य विरोध) साधारण ०.३३ ओहम दर किलोमीटर. शंभर किलोमीटरला ३३ ओहम. पण डेटाबेसला ओहम चालत नाहीत, त्याला ‘पर युनिट’ लागतं, म्हणजे एका ठरलेल्या पायानं भागलेली संख्या. १०० एमव्हीएच्या मापावर ४०० केव्हीचा पाया १६०० ओहम आणि २२० केव्हीचा ४८४. तक्त्यात चुकून २२० चा पाया राहिला की ४०० ची लाइन सव्वातीन पटींहून जास्त लांब होते. शंभर किलोमीटरची लाइन ३३० किलोमीटरची. संगणकाला ती दूर कुठेतरी संपताना दिसते आणि तो म्हणतो, एवढ्या लांबून इतकी वीज येईलच कशी?

असं तो म्हणतो कशावरून? त्याच्याकडे एक हिशेबनीस असतो, स्टेट एस्टिमेटर. एमआयटीतल्या फ्रेड श्वेप यांनी १९७० च्या सुमारास ही कल्पना मांडली. तिचं गणित अवघड आहे, पण गावच्या दूध डेअरीत बसून ती समजते. सकाळी सभासद दूध घालतात, प्रत्येकाचं माप वहीत. मग टँकर भरतो, त्याचंही माप असतं. दोन्ही जुळायला हवीत. जुळली नाहीत तर वजनकाटे थोडे इकडेतिकडे आहेत, असं मानून सचिव अशी एक बेरीज काढतो की सगळ्यांची मापं कमीत कमी खोटी ठरावीत. एखाद्याच काट्यात भरमसाट फरक दिसला तर बोट त्याच्यावर. स्टेट एस्टिमेटर विजेचं हेच करतो: सबस्टेशनमध्ये जितकी वीज आली तितकी बाहेर गेली पाहिजे, हा न बदलणारा नियम धरून शेकडो मीटरांच्या आकड्यांतून जाळ्याची सगळ्यात पटणारी स्थिती काढतो.

पण सचिवाला हेच माहीत नसेल की खालच्या आळीचं संकलन केंद्र आजपासून बंद आहे, तर? तो त्या केंद्राचं दूध धरूनच बेरीज करत बसणार. प्रत्येक काटा बरोबर असेल, तरी हिशेब लागणार नाही. काट्यांवर संशय घेत घेत त्याची सकाळ जाईल.

अमेरिकेत हे अक्षरशः घडलं. १४ ऑगस्ट २००३. त्या दिवशी ईशान्य अमेरिका आणि कॅनडाच्या ओंटारिओत सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली, ६१,८०० मेगावॅटचा भार तुटला. नंतर दोन्ही देशांच्या संयुक्त समितीनं जो अहवाल लिहिला तो या धंद्यातल्या प्रत्येकानं एकदा वाचावा असा आहे. कारणं अनेक होती. ओहायोत तारांखालची झाडं वेळेवर छाटली नव्हती, तिथल्या वीज कंपनीची धोक्याची घंटा वाजवणारी यंत्रणा दुपारी सव्वादोनच्या सुमारास मुकी झाली आणि कुणाला पत्ताच नाही. पण मला त्यातला तो दुसरा धागा जास्त अस्वस्थ करतो, तो त्या भागावर देखरेख करणाऱ्या मिसो नावाच्या समन्वय केंद्रातला.

दुपारी बाराच्या सुमारास इंडियानातली ब्लूमिंग्टन ते डेनॉइस क्रीक ही २३० केव्ही लाइन गेली. मिसोच्या एस्टिमेटरला ही लाइन माहीत होती, पण तिची चालू-बंदची खबर त्याच्याशी आपोआप जोडलेली नव्हती. दप्तरात लाइन चालूच. सव्वाबाराला हिशेब विस्कटला. एका विश्लेषकानं शोधून काढलं, हातानं लाइन बंद दाखवली, एकच्या सुमारास हिशेब लागला. शोध घेताना त्यानं दर पाच मिनिटांनी एस्टिमेटर चालवणारी आपोआप कळ बंद केली होती. ती परत चालू करायची राहिली, आणि तो जेवायला गेला.

हे लक्षात आलं २ वाजून ४० मिनिटांनी. कळ चालू केली, तर हिशेब पुन्हा लागेना. कारण दोन वाजून दोन मिनिटांनी स्टुअर्ट-अटलांटा ही ३४५ केव्ही लाइन गेली होती. (हे अटलांटा ओहायोतलं, जॉर्जियातलं मोठं शहर नव्हे.) ती शेजारच्या समन्वय केंद्राच्या, पीजेएमच्या, हद्दीतली. तिचीही खबर मिसोच्या दप्तराशी जोडलेली नाही. अभियंत्याला संशय आला, त्यानं विचारलं, तर पाळीवरच्या माणसानं सांगितलं की लाइन चालू आहे. अभियंता बिचारा ती चालू धरून वीस मिनिटं झटत राहिला. शेवटी ३ वाजून २९ मिनिटांच्या सुमारास शेजाऱ्यांना फोन गेला आणि खरं कळलं. एस्टिमेटर आणि त्याच्या मागची सगळी यंत्रणा पुन्हा आपोआप चालू झाली ती ४ वाजून ४ मिनिटांनी. त्यानंतर दोनच मिनिटांत लाइनींमागून लाइनी पडायला लागल्या.

इथे मीटर खराब नव्हते. गणितही बरोबर होतं. दोन लाइनींची जोडणी दप्तरात नव्हती, एवढंच.

नियंत्रण केंद्रात संगणक आले त्यामागेही एक मोठा अंधारच होता, ९ नोव्हेंबर १९६५ चा, तोही ईशान्य अमेरिकेतलाच. पुढची वीसेक वर्षं प्रत्येक पुरवठादार कंपनीचं दप्तर वेगळ्या लिपीत. एका कंपनीचा संगणक काढून दुसरीचा बसवायचा म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहायचं. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एप्री या वीज संशोधन संस्थेनं सगळ्यांसाठी एक सामाईक भाषा करायला घेतली. तिचं नाव कॉमन इन्फर्मेशन मॉडेल, बोलताना ‘सिम’. पुढे ती आयईसी ६१९७०-३०१ या मानकात बसली, त्याची पहिली आवृत्ती २००३ ची. हो, तेच वर्ष.

सिमची सगळ्यात शहाणी कल्पना मला विचाराल तर एकच. त्यात कोणतंही उपकरण दुसऱ्या उपकरणाला थेट जोडत नाहीत. प्रत्येकाला टोकं असतात आणि टोकं नाक्यावर भेटतात. लाइनला दोन टोकं, ट्रान्सफॉर्मरला वाइंडिंगागणिक एक. ब्रेकर उघडला की संगणक स्वतःच बघतो की कोणते नाके आता एकमेकांपासून तुटले. नाके आणि टोकं नीट लिहिली असतील तर ‘आत्ता जाळं कसं दिसतं’ हे माणसानं सांगावं लागत नाही. शिवाय प्रत्येक वस्तूला एक न बदलणारा ओळख क्रमांक असतो, आधारसारखा. नाव बदला, क्रमांक तोच.

या क्रमांकाची किंमत आपल्याकडे जरा जास्तच आहे, कारण आपली गावं रोमन लिपीत लिहिताना प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पडघे की पडघा? शेवटचं अक्षर कुणी ई लिहितं, कुणी ए. कळव्याच्या मधल्या अक्षराला कुणी व्ही लावतं, कुणी डब्ल्यू. माणसाला कळतं, संगणकाला ही दोन गावं वाटतात. उलट लोणीकंद-१ आणि लोणीकंद-२ ही खरोखर दोन वेगळी सबस्टेशनं, पण नुसत्या स्पेलिंगच्या सारखेपणावर जुळवणी करणारा प्रोग्रॅम त्यांना एकच समजून मोकळा होईल.

तर आता यंत्रानं नेमकं काय करायचं? माझं मत थोडक्यात असं: नक्कल यंत्रानं करावी, नोंद माणसानं. प्रत्येक रकान्याचा मालक एकच असावा आणि त्यानं तो एकदाच लिहावा. लाइनची लांबी लाइनवाल्यांनी, सीटीचं गुणोत्तर टेस्टिंगवाल्यांनी, बिंदूचा पत्ता स्काडावाल्यांनी. त्या एका मूळ प्रतीवरून आठही तक्ते यंत्रानं तयार करायचे. तक्त्यात थेट हात घालायला बंदी. तक्ता चुकलेला दिसला तर मूळ प्रत सुधारा आणि तक्ता पुन्हा काढा. ऐकायला सोपं आहे, पाळायला महाकठीण, कारण रात्री दोन वाजता तक्त्यातला एक आकडा बदलणं दोन मिनिटांचं काम असतं आणि मूळ प्रतीच्या मालकाला उठवणं एक तासाचं.

साचे फार कामाला येतात. सबस्टेशनच्या रचना काही हजार तऱ्हेच्या नसतात. डबल मेन, डबल मेनला ट्रान्सफर बस, दीड ब्रेकर, अशा मोजक्याच. दीड ब्रेकरच्या रचनेत एका डायमीटरवर (दोन बसांना जोडणाऱ्या एका ओळीवर) तीन ब्रेकर दोन फिडर, म्हणजे दोन लाइनी किंवा ट्रान्सफॉर्मर, सांभाळतात, म्हणून दीड. यंत्राला सांगा, ‘४०० केव्ही, दीड ब्रेकर, चार डायमीटर’, की ते बारा ब्रेकर, त्यांच्या दोन्ही अंगांचे चोवीस आयसोलेटर (ब्रेकर उघडल्यावर उपकरण वेगळं काढणारे खटके), फिडरांचे आयसोलेटर, मधले सगळे नाके आणि पडद्यावरचं चित्रसुद्धा मांडून देतं. हातानं हे करायला दोन दिवस जायचे, आणि सतराव्या आयसोलेटरपाशी चहा घेतला की पुढचा क्रम हमखास चुकायचा. नव्या सबस्टेशनची तर स्वतःची डिजिटल कुंडलीच येते. आयईसी ६१८५० या मानकावर बांधलेल्या सबस्टेशनबरोबर एक एक्सएमएल फाइल असते, तीत रचना आणि सिग्नल सगळे लिहिलेले. ती वाचून सिमच्या भाषेत उतरवता येते. मात्र दोन्ही मानकं वेगवेगळ्या घरांत वाढलेली, त्यामुळे मधे दुभाषा ठेवावा लागतो.

मग कसोट्या. यातच यंत्राचा खरा जीव आहे, कारण ते कंटाळत नाही. लाइनचा रिॲक्टन्स भागिले लांबी, हे तारेच्या जातीशी जुळतं का? जुळत नसेल तर तो वरचा २२०-४०० चा घोळ तिथेच सापडतो. कुठली लाइन एका टोकाला लोंबकळत तर नाही ना? ब्रेकर उघडा आहे म्हणतात आणि त्यातून १५० मेगावॅट वाहतात, हे कसं? एका टोकातून २०० गेले आणि दुसऱ्या टोकाला २१० पोचले, तर मधे वीज कुणी तयार केली? असे शे-दीडशे प्रश्न यंत्र दर रात्री सगळ्या जाळ्याला विचारू शकतं. माणूस वर्षातून एकदा विचारतो, तेही ऑडिट आलं तर.

सगळ्यात उपयोगी कसोटी अगदी साधी आहे. काल आणि आज यात काय बदललं त्याची यादी काढा. एक लिलो झाली असेल तर पंचवीस-तीस बदल दिसायला हवेत. चौदाशे दिसले तर थांबा. हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका ठिकाणी (नाव नको) बे क्रमांकांची यादी स्प्रेडशीटमधून आली होती; बे म्हणजे सबस्टेशनमधला एका लाइनचा किंवा ट्रान्सफॉर्मरचा कप्पा. तिनं ३-१ या बेचं मुकाट्यानं ३ जानेवारी केलं, ४-२ चं ४ फेब्रुवारी. आमच्या नव्या कोऱ्या प्रोग्रॅमनं ते विश्वासानं उचललं आणि अर्ध्या मिनिटात सगळ्या तक्त्यांत तारखा पेरल्या. हातानं भरणाऱ्या माणसानं पहिल्याच ओळीला डोकं खाजवलं असतं. स्वयंचलित यंत्रणा चूकही स्वयंचलितपणे करते, आणि सगळीकडे सारखी. म्हणून तपासणीला दोन तक्ते जुळवूनही फरक सापडत नाही. त्या दिवशी आम्हाला वाचवलं ते बदलांच्या यादीच्या लांबीनं.

वेळेचाही प्रश्न आहे. लाइन २० तारखेला चार्ज होणार, म्हणजे तिच्यात पहिल्यांदा वीज सोडणार असतील तर दप्तरात ती कधी यावी? आधी आली तर नसलेली लाइन दिसते, नंतर आली तर मिसोसारखी गत. यावरची वहिवाट छान आहे: लाइन आधीच मांडून ठेवायची, पण तिचे ब्रेकर उघडे दाखवून. चार्जिंगच्या क्षणी दप्तर बदलावं लागत नाही, ब्रेकरची जिवंत खबर आली की लाइन आपोआप जागी होते. आणि नवं दप्तर थेट चालू संगणकावर कधीच चढवायचं नाही. आधी बाजूच्या सराव सर्व्हरवर, कालचे जिवंत आकडे त्याला पाजून, एस्टिमेटरचा हिशेब लागतो का बघायचं. लागला तर चढवा, जुनी प्रत हाताशी ठेवून.

शेजाऱ्यांशी शिवण घालायचं काम वेगळंच. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्ही लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं जाळं बाकीच्या देशाशी एका तालात आलं. त्या दिवसापासून सोलापूरच्या दप्तरात रायचूर लागतं आणि रायचूरच्या दप्तरात सोलापूर. प्रत्येक केंद्रानं आपल्या हद्दीतलं लिहायचं, शिवेवरची लाइन कुणाच्या पानावर ते ठरवायचं, आणि सगळी पानं जोडून एक नकाशा करायचा. एक भाषा आणि न बदलणारे क्रमांक असतील तर ही शिवण यंत्र रोज घालू शकतं. नसतील तर ईमेलवर फायली फिरतात, ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘फायनल-खरंच’.

सौर कृषी वाहिनीचे प्रकल्प गावोगावच्या ३३ केव्ही सबस्टेशनांपाशी उभे राहू लागल्यापासून दप्तराचा वेगही पुरेनासा झाला आहे. पूर्वी ज्या ट्रान्सफॉर्मरपुढे डोळे मिटून ‘इथे फक्त भार’ असं लिहायचं, तिथून भर दुपारी वीज उलटी वर चढू शकते. हा बदल वर्षातून एकदा पान उलटणाऱ्या दप्तरात मावत नाही.

आता काही जण म्हणतात, जुनी रेखाचित्रं स्कॅन करून नव्या एआयला द्या, तेच डेटाबेस भरेल. कच्चा मसुदा करायला जरूर द्या, मी स्वतः देईन. पण चित्रात १०००/१ छापलेलं असतं आणि पॅनलवर कुणीतरी पेनानं २००० केलेलं असतं. ते पेन कुठल्याच स्कॅनमध्ये येत नाही.

म्हणून शेवटी एक काम उरतंच, पॉइंट-टू-पॉइंट. सबस्टेशनमध्ये एक माणूस पॅनलपाशी, केंद्रात मी पडद्यापाशी, मधे फोन. तो एकेक उपकरण खरोखर हलवतो, मी सांगते पडद्यावर काय हललं. गेल्या पावसाळ्यातली एक रात्र आठवते. मागे छपरावर पाऊस वाजत होता.

“मॅडम, बे चार, ब्रेकर उघडला.”

“माझ्याकडे ब्रेकर जागेवरच आहे, भाऊ. ८९-ए आयसोलेटर उघडा दाखवतोय.”

“थांबा जरा.” खुर्ची सरकल्याचा आवाज, मग बराच वेळ नुसता पाऊस. “टर्मिनलवर वायरी उलट्या आहेत मॅडम. बारा आणि तेरा. लिस्ट बरोबर आहे तुमची, चूक आमची.”

“बदलता का आत्ताच?”

“बदलल्या. आता बघा.”

“आला. ब्रेकर उघडा. वेळ अकरा बावन्न.”

“लिहा मग. किती राहिले अजून?”

“एकशे बारा.”

“चहा घेऊन येतो,” तो म्हणाला. “फोन ठेवू नका.”